इंजिनावरचा धुराचा पसारा काढून डमी मारावी का? (१९७६ ची कोरोला, बेळगाव)

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची १९७६ ची टोयोटा कोरोला गेल्या वर्षी माझ्या शेडमध्ये (बायकोच्या मते माझ्या गळ्यात) आली. स्टिअरिंग डावीकडे. दिल्लीत कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाची होती. साहेब मायदेशी गेला, गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे जमा झाली आणि तिथल्या विक्रीत सासऱ्यांच्या थोरल्या भावाने उचलली. इंजिन टू-टी-सी, १५८८ सीसी. गाडी मूळची अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली, त्यामुळे बॉनेट उघडलं की इंजिनाच्या आधी नळ्या दिसतात. मी मोजल्या, एकोणीस. त्यातल्या सात कुठेच जात नाहीत.

धूर कमी करायचा ऐवज असा: बेल्टवर फिरणारा हवेचा पंप, त्यातून एक्झॉस्टच्या पोर्टांत शिरणाऱ्या चार बारीक नळ्या, एक ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), कोळशाचा डबा (चारकोल कॅनिस्टर), टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातली वाफ ओढणारा व्हॉल्व्ह), आणि इंजिनाचं पाणी तापलं की उघडझाप करणारे दोन-तीन व्हॅक्यूम स्विच. पेट्रोल टाकीच्या झाकणाजवळ अजून 'अनलेडेड फ्युएल ओन्ली' अशी पट्टी आहे, पण तोंडातली बारीक नळीची जाळी कुणीतरी कधीच फोडून काढलीय.

पंपाचं बेअरिंग गेलंय. सकाळी गाडी चालू केली की शेजारचे काका गॅलरीत येऊन उभे राहतात. ईजीआर अर्धवट उघडा चिकटलाय, त्यामुळे स्लो लागत नाही (रेस न देता इंजिन चालू राहत नाही), सिग्नलला गाडी थरथरून बंद पडते. मेस्त्री म्हणतो, "साहेब, हा सगळा पसारा उपटून टाकू, भोकांना डमी मारू, एका दिवसाचं काम. पिकअप बघा मग." त्याच्या डोळ्यांतला उत्साह बघून मी गाडी परत घरी आणली.

तर काय काढावं, काय ठेवावं? भोकं कशाने बंद करायची? पीयूसीला काही अडचण येते का? आपल्या भागात कुणी केलंय का हे?

कुंदा_८००

काढा की ओ. एवढा काय विचार? १९७६ च्या गाडीला धुराचं काय विचारता, माझी येझदी गल्लीत शिरली की बायका वाळत घातलेले कपडे आत घेतात.

मूळरूप (कोल्हापूर)

थांबा, पाना खाली ठेवा. पन्नास वर्षं हे सगळं त्या इंजिनावर टिकलंय आणि आता एका बेअरिंगसाठी तुम्ही ते भंगारात घालणार? पंप उघडतो, बेअरिंगवर नंबर असतो, तो घेऊन शिवाजी उद्यमनगरात आलात तर काहीतरी जुळतंच. ईजीआर चिकटला तर साफ करा. दुरुस्ती आणि उपटणं यात फरक आहे. मेस्त्रीला ज्याचं काम कळत नाही ते त्याला पसारा वाटतं.

टर्नर_मामा (उद्यमबाग)

मूळरूप साहेब, बेअरिंग मिळेल हो, पण आतली पाती? तो पंप पात्यांचा असतो, पाती घासली असतील तर बेअरिंग बदलून फक्त आवाज जाईल, हवा येणार नाही. असो.

टिळकवाडीकर, आधी एक सांगा, पंप का मेला ते बघितलं का? पंपापासून एक्झॉस्टला जाताना मध्ये एक चेक व्हॉल्व्ह असतो. हवा पुढे जाऊ द्यायची, धूर मागे येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की तापलेला धूर उलटा पंपात शिरतो, आधी रबरी नळी भाजते, मग पंप. नळी काढून व्हॉल्व्हमध्ये तोंडाने फुंकून बघा. एका बाजूने हवा गेली आणि दुसऱ्या बाजूने अडली तर ठीक. (आधी पुसून घ्या, आणि गाडी थंड असताना. हे सांगावं लागतं, आमच्याकडे एकजण ओठ भाजून आला होता.)

आणि तो बेल्ट फक्त पंपाचाच आहे का, की त्याच बेल्टवर वॉटर पंपही फिरतो, तेही बघा. काहीजण बेल्ट कापतात आणि घाटात गाडी उकळली की आमच्या नावाने बोंब मारतात.

रसायनवाली (गोवावेस)

मी कॉलेजात रसायन शिकवते आणि घरी जुनी प्रीमियर ११८ एनई गाडी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क आहे असं समजते.

'धुराचा पसारा' हा एक जिन्नस नाही. चार वेगवेगळी कामं आहेत आणि ती वेगळी करून बघितल्याशिवाय हो-नाही सांगता येत नाही.

हवेचा पंप: सिलिंडरमधून निघालेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल असतं. पोर्टापाशी धूर अजून तापलेला असतो, तिथेच ताजी हवा घातली की उरलेलं बरंचसं पाईपातच जळतं. इंजिनाच्या आतल्या कामाशी त्याचा संबंध नाही. हा काढला तर गाडीला काही होत नाही, हवेला होतं.

ईजीआर: थोडा धूर परत इंजिनात सोडायचा, म्हणजे जळताना तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी बनतात. स्लोवर हा बंदच असायला हवा, अर्ध्या रेसवर उघडतो. तुमचा अर्धवट उघडा आहे म्हणून स्लोवर धूर आत जातोय आणि गाडी गुदमरते. हा बंद केला तर अर्ध्या रेसवर तापमान वाढतं, चढाला नॉकिंग (इंजिनात टकटक) येऊ शकतं. मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जरा मागे घ्यावं लागतं.

पीसीव्ही: क्रँककेसमधली वाफ आणि गळून आलेला वायू ओढून परत इनटेकला देतो. याला हात लावू नका. धुरापेक्षा हा तेलाच्या आरोग्यासाठी आहे.

कोळशाचा डबा: उभ्या गाडीत टाकीतून निघणारी पेट्रोलची वाफ कोळशात धरून ठेवतो, गाडी चालली की इंजिन ती ओढून घेतं. ताकद शून्य खातो, पैसे वाचवतो. काढायचं कारणच नाही.

मेस्त्री 'सगळं' म्हणाला ना, तिथेच त्याचं गणित चुकलं.

काजळी

ताई, दंडवत. वहीत उतरवून घेतलं.

जांबोटीचा_जीपवाला

पीसीव्हीबद्दल ताईंना +१०००. माझ्या जीपच्या टॅपेट कव्हरवरची नळी तेलकट होती म्हणून आमच्या शहाण्या ड्रायव्हरने ती काढून तिथे चिंधीचा बोळा कोंबला, वर तार आवळली. 'स्वच्छ केलं' म्हणाला. आठ दिवसांत डिपस्टिक आपोआप वर उडायला लागली. मग मागच्या सीलमधून तेल, मग क्लच प्लेटवर तेल, मग जांबोटीच्या चढाला इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर. गिअरबॉक्स उतरवावा लागला. सगळा खर्च चिंधीचा.

कुंदा_८००

बरं, पण पिकअप किती वाढतो ते कुणी सांगेना. मेस्त्री म्हणाला ना?

चोक_ओढा

@कुंदा: जवळजवळ काही नाही. पंप फिरवायला इंजिनाची एखाद-दुसरी अश्वशक्ती जाते, तीही वरच्या रेसला. ईजीआर पूर्ण रेसवर तसाही बंद असतो. त्या काळातल्या अमेरिकी गाड्या मंद होत्या त्या कमी कॉम्प्रेशन, मागे ठेवलेलं टायमिंग आणि जड बंपर यांमुळे. पंप काढून ते परत मिळत नाही. मिळते ती बॉनेटखाली हात घालायला जागा. आणि खरं सांगायचं तर तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. एकोणीस नळ्यांपैकी कुठली फुटली हे शोधण्यात मी आयुष्यातले दोन पावसाळे घालवलेत.

निपाणीकर

धुराचा विषय आणि निपाणीला विचारत नाही? तंबाखूच्या गावाचा अपमान आहे हा.

कोळशाच्या डब्याचा माझा अनुभव ऐका. भावाची जुनी आयात गाडी होती, डबा सडला म्हणून काढला आणि टाकीकडून येणारी नळी बोल्ट घालून बंद केली. छान. निपाणीतून निघालो, तवंदी घाट चढायला लागलो, अर्ध्यात गाडी बंद. पेट्रोल आहे, करंट आहे, कार्बोरेटर कोरडा. अर्धा तास थांबलो, चालू झाली, चार किलोमीटरवर परत बंद. शेवटी एका ट्रकवाल्याने 'झाकण उघडा' म्हणून सांगितलं. उघडलं तर 'हुस्स्स' करून टाकीने असा श्वास घेतला की आम्ही दोघं मागे सरलो. अशा गाड्यांच्या झाकणाला भोक नसतं ओ! टाकीत हवा त्या डब्याकडूनच येते. ती वाट बंद केली, पंप पेट्रोल ओढत राहिला, टाकीत व्हॅक्यूम झाला, पेट्रोल येणं थांबलं. पुढे बेळगावपर्यंत दर दहा किलोमीटरला मी उतरून झाकण उघडायचो. लोकांना वाटायचं टाकीशी बोलतोय.

टर्नर_मामा

🙏 हे असले नमुने मी आठवड्याला एक बघतो.

आता डमीचं. टिळकवाडीकर, तुमच्या या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ब्लॉक बिडाचा. हे महत्त्वाचं. पोर्टातल्या नळ्या काढून तिथे प्लग बसवायचा तर पोलादी करा, ॲल्युमिनियमचा नको, एक्झॉस्टच्या तापाला तो मऊ पडतो. पण पोलाद जेवढं फुगतं त्याच्या जवळजवळ दुप्पट ॲल्युमिनियम फुगतं. म्हणजे गाडी तापली की भोक मोठं आणि प्लग सैल. म्हणून खाली तांब्याचा वॉशर घालून खांद्यापर्यंत बसेल असा प्लग करून घ्या, आणि आट्यांना तापाला टिकणारं तांब्याचं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी प्लगबरोबर हेडचे आटेही बाहेर येतील. आवळायचं थंड इंजिनावर, आणि जीव खाऊन आवळायचं नाही. आट्यांचा अंदाज डोळ्याने करू नका, पिच गेज लावा. नळ्या घेऊन या, मापं घेऊन चार प्लग लेथवर काढायला मला तासभर लागेल.

ईजीआरसाठी ३ मिलीमीटरची पोलादी प्लेट, दोन्ही बाजूंना पॅकिंग. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून लावणारे महाभाग आहेत, तो महिन्याभरात जळून चाळणी होतो आणि मग तुम्ही कार्बोरेटरला शिव्या घालत बसता.

आणि ते दोन रंगांचं कालवून लावायचं सील असतं ना, निळं-पांढरं वगैरे, ते नळाला लावा. इंजिनाला नाही.

कुंदा_८००

शेवटचं वाक्य मला उद्देशून आहे हे कळलं मामा.

रसायनवाली

मामांच्या प्लेटच्या आधी एक पायरी आहे. ईजीआर उतरवा, आतली काजळी कार्बोरेटर क्लीनर आणि तारेच्या ब्रशने काढा, मग त्याच्या डायफ्रामच्या नळीला तोंडाने ओढून बघा. दांडा वर उचलला आणि ओढ धरून ठेवली तर व्हॉल्व्ह जिवंत आहे. परत बसवून स्लोवर तीच नळी ओढा, इंजिन अडखळायला हवं. अडखळलं तर प्लेट कशाला? साफ केलेला ईजीआर तुम्हाला कुठेही आडवा येत नाही.

मूळरूप

ताई माझ्या बाजूने बोलल्या, नोंद घ्यावी.

रसायनवाली

मी बाजू घेतलेली नाही. पंपाबद्दल मी अजून गप्प आहे.

चोर्ल्याचा_धुका

एक मुद्दा राहिला. एअर फिल्टरच्या नाकाला एक जाड नळी एक्झॉस्टच्या पत्र्याकडून येते, गरम हवेची. लोक तीही 'धुराची' म्हणून काढतात. माझ्या जुन्या गाडीची काढली होती. पावसाळ्यात पहाटे गोव्याला निघालो की चोर्ला घाटात गाडी मिसिंग करायची, दहा मिनिटं बाजूला उभी केली की आपोआप ठीक. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो! पेट्रोल उडताना गारवा करतं, हवेत ओल भरलेली.

कुंदा_८००

चोर्ल्यात बर्फ?? काय ओ, काश्मीरचा घाट आहे का?

चोर्ल्याचा_धुका

हसा. बाहेर अठरा-वीस अंश असले तरी बटरफ्लायपाशी (कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेपाशी) तापमान शून्याखाली जाऊ शकतं. विमानाच्या पायलटांना विचारा, त्यांना हे पहिल्या पाठात शिकवतात.

चोक_ओढा

तत्त्व खरं आहे, पण तुमची गाडी बर्फाने मिसिंग करत होती की डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल जाऊन, हे कसं ठरवलं? उभी केल्यावर इंजिनाच्या तापाने कॅपही वाळते.

चोर्ल्याचा_धुका

कॅप बदलली होती. दोनदा.

चोक_ओढा

बरं. मग बर्फ.

खानापूरचा_वकील

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून मी. फी नंतर घेईन.

पीयूसी: भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. नीट लावलेला कार्बोरेटर पंपाशिवायही यात बसतो. पीयूसीवाला बॉनेट उघडत नाही, सायलेन्सरमध्ये नळी घालतो. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांचे ठोस नियम १९९१ चे, त्यामुळे १९७६ च्या गाडीवर तो पंप असावाच असं इथला नियम म्हणत नाही. तो अमेरिकेच्या कायद्याने आलेला पाहुणा आहे. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करण्याबद्दल आहे, ते डोक्यात असू द्या.

पण खरी गंमत पुढे आहे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली, अशीच गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. तुमची १९७६ ची. म्हणजे २०२६ मध्ये पन्नाशी. आणि आत्ताच तुम्ही इंजिनावरून ऐवज उतरवताय! त्याच वेळी, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचं साधं नूतनीकरण ८०,००० रुपये झालंय. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. अर्थात व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोज भाजीला नेता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच.

आणि डावं स्टिअरिंग आहे तर कलम १२० बघून ठेवा, इशारा देणारी चालू यंत्रणा हवी. हात दाखवायचा म्हटलं तर तुमचा हात फुटपाथकडे.

मूळरूप

वकीलसाहेब, तुमच्या तोंडात बेळगावचा कुंदा.

टिळकवाडीकर

हे मला माहीतच नव्हतं. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी पन्नास वर्षं सांगतोय गाडीला हात लावू नका."

निपाणीकर

पाहुणा म्हणून आलेला पंप, मूळचा अमेरिकेचा, नोंदणी दिल्लीची, राहणार बेळगावात, आणि ठेवायचा की हाकलायचा यावर १९५६ पासून... जाऊ दे.

संपादक

जाऊच दे. धाग्याचा सीमाप्रश्न करू नये, ही विनंती.

अनगोळची_आई

इथे सगळे पुरुष 'माझी एक गाडी महिन्यातून एकदा निघते, तिने काय होतं' असं मनात म्हणताहेत हे ऐकू येतंय. माझ्या मुलाला दमा आहे. खानापूर रोडला संध्याकाळी रिक्षातून जाताना रुमाल लावून बसतो तो. तुमची कोरोला गुन्हेगार नाही, मान्य. पण धूर कमी करणारी वस्तू काढायची आणि वर तिला 'पसारा' म्हणायचं, हे जरा बोचलं.

टिळकवाडीकर

ताई, शब्द मेस्त्रीचा, मी उचलला. चुकलंच.

कॅट_गेली (पूर्वीचा मुंबईकर, आता हिंडलगा)

आईंचं वाचून माझं पाप सांगतो. १९९६ ची मारुती ८००, मुंबईत घेतलेली. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) सक्तीचं होतं, तसं तिला होतं. पुढच्या वर्षी बदली होऊन इकडे आलो. घराजवळच्या पंपावर तेव्हा शिशाचंच पेट्रोल. शिसं आतल्या प्लॅटिनमवर बसतं आणि कन्व्हर्टर कायमचा मरतो, हे तेव्हा मला कोण सांगणार? वर्षाभरात काकतीच्या चढाला गाडी ओढेना. मेस्त्रीने सायलेन्सर उतरवला, सळई घातली आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी फोडून रस्त्यावर ओतली. गाडी पळायला लागली, मी त्याला वर चहा पाजला. देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं फेब्रुवारी २००० पासून. तोवर माझा कन्व्हर्टर म्हणजे नुसता डबा.

टिळकवाडीकर, तुमच्या टाकीची फोडलेली जाळी हीच गोष्ट सांगते. ती जाळी शिशाच्या पेट्रोलचा जाड नोझल आत जाऊ नये म्हणून असायची. १९७६ ला दिल्लीत दुसरं पेट्रोल कुठे होतं?

टिळकवाडीकर

बरोबर ओळखलंत. खाली वाकून बघितलं, कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाईप वेल्ड केलेला आहे. म्हणजे 'मूळ रूप' आधीच कुणीतरी मोडलंय.

काजळी

E२० बद्दल कुणीच... माफ करा, ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याने सगळ्यांच्या रबरी नळ्या फुगताहेत की नाही? मला तर व्हॅक्यूमच्या नळ्यांची काळजी.

चोक_ओढा

व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल नसतं, पण डब्याकडे जाणाऱ्या वाफेच्या नळ्या आणि पेट्रोलच्या नळ्या नक्की बदला, इथेनॉल चालेल अशा घ्या. शिवाय ई-ट्वेंटीत ऑक्सिजन जास्त, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ पडतं. त्यात एक जरी व्हॅक्यूमची गळती राहिली तर इंजिन तापणार. म्हणून काढलेल्या प्रत्येक नळीच्या जागी बंदोबस्त नीट हवा. बाजारातल्या रबरी टोप्या आपल्या उन्हात वर्षभरात तडकतात. मी छोटा नळीचा तुकडा लावून त्यात सायकलच्या बेअरिंगची गोळी दाबून बसवतो, वर क्लिप. आणि डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची (ठिणगी लवकर पाडणारी) नळी चुकूनही बंद करू नका. ती 'धुराची' नाही, पण धुराच्या नळ्यांच्याच शेजारून जाते.

काम झाल्यावर व्हॅक्यूम गेज लावा. पुस्तकात स्लोला १७ ते २१ इंच पारा लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना एक इंच वजा. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर, म्हणजे १५-१६ दिसले तरी घाबरायचं नाही. माझ्या एका मित्राने या अडीच इंचांपायी पिस्टन रिंगा बदलल्या.

टर्नर_मामा

त्या रिंगा मीच बसवल्या होत्या.

टिळकवाडीकर (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, क्षमस्व. काय झालं ते सांगतो.

ईजीआर उतरवला. आत काजळीचा गोळा बसला होता, त्यामुळे दांडा खालीच येत नव्हता. ताई म्हणाल्या तसं साफ केलं, तोंडाने ओढून बघितलं (चव अजून जिभेवर आहे), डायफ्राम शाबूत! परत बसवला. स्लो लागला. सिग्नलला गाडी बंद पडत नाही. म्हणजे मेस्त्री ज्याला प्लेट मारणार होता तो अर्ध्या दिवसात बरा झाला.

पंपाचं मामांनी सांगितलं तेच निघालं. चेक व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी वारा सोडतो, पुढची नळी पापडासारखी कडक. पंप उघडला, पाती संपलेली. मूळरूप साहेब, मी बेअरिंगचा नंबर घेऊन खरंच कोल्हापूरला गेलो होतो, बेअरिंग मिळालंही, पण पात्यांना कुणी हात लावेना. म्हणून पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह एवढंच काढलं. चार नळ्यांपैकी तीन सुटल्या, चौथ्या पोर्टाची जाम घट्ट. दोन दिवस तेल घालून, थोडी ऊब देऊन, मामांनी इतक्या हळू फिरवली की मी बाहेर जाऊन दोन चहा पिऊन आलो. प्लग बसवल्यावर पहिल्या दिवशी तिसऱ्यातून टिक-टिक आवाज यायचा, वॉशर बदलल्यावर गेला. चार प्लगचे मामांनी जे घेतले त्यात आजकाल दोन माणसांचं जेवण होत नाही.

पीसीव्ही नवा घातला. कोळशाचा डबा तसाच, नळ्या नव्या. सात बेवारस नळ्यांपैकी पाच आता गोळी घालून बंद, एक ॲडव्हान्सचीच निघाली (!), आणि एक नुसतीच कुणीतरी हौसेने लावलेली होती. गेजवर सोळा.

पीयूसी: पंप असताना गेल्या वर्षी १.१ टक्के होतं. पंप काढून तसाच गेलो तर ३.८. नापास. मिश्रणाचा स्क्रू जरा आत घेऊन, स्लो परत लावून, २.२ वर पास.

रसायनवाली

१.१ वरून ३.८ हा पंपाचा हिशेब, बरं का. थोडं खरंच जळत होतं आणि थोडं पंपाच्या हवेने नुसतं पातळ होऊन यंत्राला कमी दिसत होतं. आता आहे ते इंजिनाचं स्वतःचं. २.२ सुद्धा अजून खाली येईल, प्लग आणि टायमिंग बघा.

अनगोळची_आई

निदान निम्मं तरी ठेवलंत. बरं वाटलं.

खानापूरचा_वकील

आणि काढलेला ऐवज? टाकला नाही ना? प्लग उद्या काढता येतात, पंप उद्या परत बसवता येतो, असं असेल तरच व्हिंटेज नोंदणीच्या वेळी 'मूळ रूपा'चं काही बोलता येईल. बसवणारच म्हणत नाही मी. बोलता येईल.

कुंदा_८००

पंप विकायचा असेल तर सांगा. येझदीला लावून बघतो.

टिळकवाडीकर

विकायचा नाही ओ. पंप, चेक व्हॉल्व्ह, चार नळ्या, ब्रॅकेट, बोल्टसुद्धा, सगळं तेल लावून, चिठ्ठ्या बांधून स्टीलच्या डब्यात ठेवलंय, माळ्यावर. फक्त डबा बायकोचा आहे आणि त्यावर तिच्या अक्षरात 'चकली' लिहिलंय. दिवाळीच्या आत दुसरा डबा शोधायचाय.